भिंतीतलं व्हायोलिन

तीर्थस्वरूप वन्संना, धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? सूनबाई अजून जिना चढू देत नाही का? तिचं ऐका, ऐकू येतंय तोवर ऐकून घ्यावं. इथे तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत आणि मी, कान सोडले तर, बरी म्हणायची. (कान आता नुसते चष्मा अडकवायला उरलेत.) टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुनियेची बोलणी जोडून दिली, आणि आता घरातल्या माणसाला माझ्याशी बोलायचं तर वही काढावी लागते. पत्राला तसं काही कारण नाही. जीव विटलाय, म्हणून लिहिते.

तुम्हाला ठाऊकच आहे, यांचं व्हायोलिन मी अठ्ठावीस वर्षं ऐकलं. ऐकलं म्हणजे सोसलं. दार लावून घ्या, खिडकी लावून घ्या, असं मीच ओरडायचे. पण कान गेले आणि पहिल्याच आठवड्यात त्याच किरकिरीची अशी काही आठवण यायला लागली की विचारू नका. कानाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, सूर हाताला लागतात, हाडाला लागतात, प्रयत्न करून बघा. मग काय, यांनी व्हायोलिनचं टोक जेवणाच्या टेबलाला टेकवून वाजवायचं आणि मी टेबलाची कड दातांत धरायची. खरंच काहीतरी यायचं हो, दाढांमधून कपाळापर्यंत, मुंग्यांची रांग निघाल्यासारखं. पण एकदा मी अशी टेबल चावत असताना शेजारीण वाटी परत द्यायला आली, ती वाटी घेऊनच परत गेली. (तिने जिन्यात काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. बहिरेपणाचा हा एवढाच फायदा.) त्यानंतर हे शरमले. म्हणाले, म्हणजे वहीत लिहिलं, 'मी आपला आतल्या खोलीत दार लावून वाजवतो, तू बाहेरून भिंतीला हात लाव.'

वन्सं, काय सांगू तुम्हाला त्या भिंतीचं! संध्याकाळी सहाला मी दोन्ही तळवे टेकवून बसायचे आणि आतून असा संथ, भरदार सूर यायचा की कोपरापर्यंत हात भरून जायचे. मध्येच थांबायचा, पुन्हा उठायचा. चार महिने हे चाललं. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, माणसाचा हात बसला. रोज जेवताना मी म्हणायचे, आज तर कमाल केलीत, आणि हे मान खाली घालून जेवत राहायचे. मी समजले, विनय आहे. (अठ्ठावीस वर्षांत कधी दिसला नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती.)

गेल्या महिन्यात भिंत एकाएकी मुकी झाली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मला धसकाच बसला. दार ढकललं, तर हे खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवतायत आणि व्हायोलिनच्या पेटीवर बोटभर धूळ.

"का हो, वाजवत का नाही?" मी विचारलं.

यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर सुट्टीवर गेलाय.'

मला उमगायला वेळ लागला. त्या डॉक्टरांच्या दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवणारा पंप आहे, तो नेमका आमच्या भिंतीखाली. म्हणजे चार महिने मी लोकांच्या किडलेल्या दाढांवर डोलत होते! मग सांगितलं का नाही, असं मी किंचाळले असणार, कारण समोरच्या घरातला पडदा हलला. यांनी लिहिलं, 'तू फार खूश दिसायचीस.' आणि त्याखाली, अगदी बारीक अक्षरात, 'तुला ऐकू येत नाही हे माहीत असताना हात उचलेनासा झाला. आठवड्यातच सोडलं.'

तेव्हापासून आम्ही वहीतसुद्धा बोलेनासे झालो. मी काही विचारलं की हे मान हलवतात, तीही हो की नाही कळू नये अशी. मग एक दिवस यांनी पेटी पुसली, सुतळीने बांधली आणि तुमच्या नातीच्या नावाने पार्सल करून टाकली. 'घरात नको' एवढे दोन शब्द माझ्यासाठी टेबलावर. आता माझ्यापाशी काय उरलं ते तुम्हीच सांगा. असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला जपा.

तुमची अभागी भावजय

ता. क. पार्सल पोचलं की नातीला उघडू देऊ नका. आत मोडक्या खुर्चीचा पाय आणि एक जुनी उशी आहे. हे सुतळी आणायला गेले तेवढ्यात मी अदलाबदल केली. व्हायोलिन इथेच, पांघरुणांच्या ट्रंकेत आहे. तेव्हा कृपा करून यांना चार ओळी टाका, की वस्तू मिळाली, पोर खूश आहे. वयाने मोठ्या माणसाला खोटं बोलायला सांगू नये हे कळतं मला, पण पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. दुसरा. हे फिरायला गेले की मी ते काढते, हनुवटीखाली घट्ट धरते आणि बोटाने तारा छेडते. जाड तार गळ्याच्या हाडात उतरते, बारीक तार दातांत. बरं वाजतंय की वाईट, काही कळायला मार्ग नव्हता. आता शेजारणीने दाराखालून चिठ्ठी सरकवलीय, 'काकू, त्यापेक्षा काका बरे वाजवायचे.'

ता. क. तिसरा. तुमच्या भावाला एकदा डॉक्टरांना दाखवावं म्हणते. काल व्हायोलिन ठेवून सहज दार उघडलं, तर हे जिन्याच्या पायरीवर बसलेले, चपला बाजूला काढून, डोळे मिटून. परवाही तिथेच होते. वहीत लिहिलं, 'दम लागला.' बाहेर धो धो पाऊस, आणि यांची छत्री कोरडी. फिरायला गेलाच नाही त्या माणसाला दम कसला लागतो हो, वन्सं?