राखेतला गुडघा

आई, तुझा गुडघा अजून माझ्याकडेच आहे. जुळे सोलापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या शेंगाचटणीच्या स्टीलच्या डब्यात. कपाट उघडलं की तो खडखडतो, आणि दरवेळी वाटतं, तू मागं येऊन उभी राहिलीस.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला मी हट्टानं गेले होते. मामा राखेवर पाणी शिंपडतोय, हाडं वेचून मडक्यात टाकतोय, आणि मध्येच थांबतो. हातात काळपट, गुळगुळीत धातू. "ह्ये नदीत सोडायचं न्हाय. आपल्या हाडामासाचं न्हाय ह्ये," म्हणत त्यानं तो दगडावर ठेवला. मला असला राग आला! त्याच्यावर तू मंडईपर्यंत चालत जात होतीस की. मी तो पदरात बांधून घरी आणला.

ऑपरेशनआधी तू ओट्याला धरून कण्हायचीस. "आई, किती दिवस लंगडणार?" म्हणून मीच तुझ्या मागं लागले होते. नवा गुडघा बसला, तू जिना चढून आलीस आणि दारात हसलीस, "बग, माजी मी आले!" पुढं काही वर्षांनी रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांना विचारलं, त्या धातूनं केलं का हे? ते म्हणाले, असा संबंध असेल का हे संशोधक शोधताहेत, पण गुडघ्यामुळंच झालं असं म्हणता येत नाही. संधिवात होता, त्याची औषधं होती, वय होतं. ठाम नाही म्हणाले असते तर सुटले असते गं मी. हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

तू मात्र खाटेवरून मलाच दटावलंस, "गुडघ्याच्या नावानं बोटं मोडू नगंस. लई फिरवलं त्यानं मला."

आता माझाही गुडघा गेलाय. कठड्याला धरून जिना उतरते, तेव्हा पावलांचा आवाज हुबेहूब तुझा येतो. लेक म्हणते, "मम्मी, किती दिवस लंगडणार?" तिनं सोमवारची तारीखसुद्धा घेऊन टाकलीय.

मी हो म्हटलंय. डबा मात्र तिला दाखवलेला नाही, आणि हा कागदही फाडून टाकणार आहे. मला पुढं काही झालंच, तर तिनं माझ्यासारखं ज्याला-त्याला विचारत फिरू नये. पण भीती वाटते गं आई. ऑपरेशनची नाही. तिसऱ्या दिवशी तीही हट्टानं सावडायला येईल, त्याची.