मोठ्या कचऱ्यातला राजा

बाबा, तुमच्या या राजापुढे मी आता हात टेकले. इथे जपानात, उरायासुच्या आमच्या एवढ्याशा घरात तो सोफ्यामागची अख्खी भिंत अडवून बसलाय. फ्रँकांच्या जुन्या घराण्यातला शेवटचा राजा, गादीवरून उतरवलेला, आणि दोन साधू कात्रीने त्याचे लांबसडक केस कापताहेत. केस आहेत तोवर राजा, कापले की मठात रवानगी, हे तुम्ही शाळेत चित्रकलेच्या तासाला आणि घरी जेवताना इतक्यांदा सांगितलंत की पाढ्यांच्या आधी मला तेच पाठ झालं. मूळ चित्र एकोणिसाव्या शतकातल्या कुणा फ्रेंच माणसाचं. तुमच्याकडे होता जुन्या पुस्तकातून कापलेला काळापांढरा तुकडा, त्यात चेहरे नखाएवढे. त्यावरून एवढा मोठा कॅनव्हास रंगवायचा अट्टहास कुणी सांगितला होता? मी विचारलं, "बाबा, राजा दुःखी का नाही दिसत?" तर तुम्ही ब्रश उगारून म्हणालात, "तुला काय कळतंय? व्यथा आहे ती राजाची!" आणि जाताना हे माझ्याच गळ्यात घालून गेलात.

आता माझं तोयोसुच्या ऑफिसातलं काम संपलं, नवं मिळालं ते कमी पगाराचं, म्हणून इचिकावाला आणखी लहान घर घेतलंय. नवरा म्हणतो, "तिथे एक तर मी मावेन, नाही तर तुझा राजा." इथे मोठी वस्तू टाकायची तर आधी फोन करून दिवस ठरवायचा, कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्टिकर विकत आणून तिला चिकटवायचा. मी फोन केला, स्टिकरही आणला. तेवढ्यात तुमचं ते मूळ चित्र प्रदर्शनासाठी तोक्योत आलं. निदान निरोप तरी घ्यावा म्हणून रविवारी लेकीला घेऊन रांगेत उभी राहिले.

बाबा, सगळे रंग चुकलेत तुमचे! तुम्ही लालभडक केलेला झगा तिथे मातकट आहे. आणि खरा राजा मान टाकून बसलाय, सगळं संपल्यासारखा. लेक बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ओकोत्तेनाई." म्हणजे, हा रागावलेला नाही. "घरातला रागावलाय ना, मम्मा?"

घरी येऊन तणतणतच आईला पुण्याला फोन लावला. राजाची व्यथा म्हटल्यावर ती उसळलीच. "व्यथा कसली डोंबलाची! चेहरा दिसेना त्या चिटोऱ्यात, म्हणून मला बसवलं स्टुलावर केस मोकळे सोडून. गॅसवर आमटी, आणि हे म्हणतात हलू नकोस. करपली की नाही आमटी? तेच तोंड काढलंय माझं. दे टाकून एकदाचं!"

हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एवढी वर्षं मी त्या राजाला नावं ठेवत बसले. आईचे फोटो आहेत, पण सगळे पदर सारखा करून, श्वास रोखून काढलेले. तुम्ही गेल्यावर तिने केस बारीक कापून घेतले. चिडणंही सोडलं. काहीही विचारा, "तुमचं चालू द्या" एवढंच म्हणते. परवा फोनवर ती किती वर्षांनी अशी तडतडली, आणि मला रडूच आलं. फोन ठेवून भिंतीकडे पाहिलं तर नाकपुड्या फुगवून, केस मोकळे सोडून, आता उठणारच अशी बसली होती ती.

हे पत्र कुठे टाकायचं, इथल्या पोस्टात विचारायची सोय नाही, तेव्हा ते कॅनव्हासच्या मागे खोचून ठेवते. राजा इचिकावाला येतोय. विकत घेतलेला स्टिकर वाया कशाला घालवायचा, म्हणून तो मी नवऱ्याच्या व्यायामाच्या सायकलला चिकटवलाय. त्याला अजून सांगितलेलं नाही. तो विचारायला येईल तेव्हा माझं तोंड कसं होईल, ते तुम्हाला काढता येईल.