पेटीवरचं ओलं फडकं

४ मे

माझ्या मूलभूत हक्कांवर गदा आली आहे! माझ्या खोलीतला पंखा बंद. हुकूम लेकीचा. माझे शब्दकोश टेबलावरून हद्दपार झाले आणि तिथे वाळूने भरलेली पेटी विराजमान झाली. वाळूत नदीतल्या कासवाची अंडी! लेक कासवांच्या केंद्रात काम करते. "तिथली वीज सारखी जाते, बाबा. आणि घरात तुझी खोली सगळ्यात तापते." माझ्या खोलीची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती. वर्तमानपत्राला बातम्या आता घाम पुसत पाठवायच्या.

७ मे

पंख्यामागचं शास्त्र कळलं. पिल्लू नर की मादी हे ऊब ठरवते. वाळू गरम राहिली तर माद्या, गार पडली तर नर. नदीत नर पुष्कळ. माद्या अगदी मोजक्या. अंडी घालायला काठावर येतात आणि तिथेच पकडल्या जातात. ही अंडी घालणारीही पुढे जाळ्यात अडकून मेली.

"या महिन्यात ठरेल ते ठरेल," लेक म्हणाली. "नंतर बदलत नाही."

कूर्म, कमठ, कच्छप — संस्कृतात कासवाच्या नावांची चंगळ आहे. नदीत कासविणींची नाही.

१० मे

आईने आज दोनदा मला मामाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. मामा माझ्यापेक्षा देखणा होता, तक्रार कशाला!

१५ मे

दुपारी लवकर घरी आलो. पेटीवर ओलं फडकं! चारी कोपरे ताणून, नीटनेटकं. वर पंखा गरगर फिरतोय. शेजारी खुर्चीत आई.

"आई, हे काय!"

"लेकरांना उकडत होतं रे. तुला ताप आला की कपाळावर ठेवायची नाही का मी?"

"रोज ठेवतेस?"

"दुपारी. संध्याकाळी काढते. गारठतील ना!"

लेक तापमान बघते ते सकाळी आणि रात्री. दुपारचं कुणाला ठाऊक? आईला सगळं समजावलं. तिने शहाण्यासारखी मान डोलावली.

१६ मे

पुन्हा फडकं! "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाली. खोटं बोलत नव्हती. खरंच चकित झाली होती.

१७ मे

जेवताना लेकीला सांगणार होतो. भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगितलं.

१९ मे

सांगितलं. तिने पेटीतलं तापमान पुन्हा बघितलं. मग — "आजीला काही बोलू नकोस."

लगेच पेटी केंद्रात न्यायचं ठरलं. अंडं उलटलं तर आतला जीव जातो, म्हणून पेटी तिच्या मांडीवर आणि गाडी मी चालवायची. "खड्ड्यात घातलीस तर बघ!" इतका हळू गेलो की मागच्या गाड्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"सगळे नर निघाले तर?"

"मोठे होईपर्यंत कळणारही नाही, बाबा. तोवर तू म्हातारा होशील." खिडकीबाहेर बघत म्हणाली. मी तेवढ्यापुरता हसलो.

२० मे

पंखा परत मिळाला. भन्नाट वारा! एक ओळ सुचत नाही.

२६ जून

पिल्लं बाहेर आली! सगळी नाहीत, पण बरीचशी. लेकीने फोटो पाठवला — तळहातावर चिमुकलं कवच, मान ताणून जगाकडे बघणं चाललंय. नर की मादी, कपाळावर काही लिहिलेलं नाही. लेक खूश आहे. निदान आवाज तरी तसा होता.

आईला फोटो दाखवला. "कुणाची रे ही?" म्हणाली.

२ जुलै

दुपारी घरी आलो. माझ्या टेबलावर ओलं फडकं. खाली पेटी नाही, काही नाही, नुसतं लाकूड. चारी कोपरे ताणलेले. शेजारी आई, ओठांवर बोट. "हळू बोल. लेकरं झोपलीत."

मी हळूच बोललो. शेजारी बसलो. संध्याकाळी तिने फडकं काढलं तेव्हा एक कोपरा मी धरला.

आईचं काय होणार? मला फार भीती वाटते.