पातेल्यातली रेघ

प्रिय ब्रिता,

आज शनिवार, सकाळचे सव्वानऊ. कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल अकराला उचलतात आणि आज टाकलेलं पत्र तुला ड्युलूथला मंगळवारी मिळायला हवं, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. म्हणजे माझ्या हातात पावणेदोन तास आहेत. तुझी आई स्वयंपाकघरात बटाटे निवडत बसली आहे आणि थोड्या थोड्या वेळाने घड्याळाकडे बघते. गुरुवारी जेवायला सात माणसं आणि तुझ्या छोट्या सिग्नेची उंच खुर्ची, म्हणजे टेबलाची मधली फळी घालावी लागणार. ती अजून तळघरातच आहे. काल मी आणायला निघालो तर म्हणाली, "पत्र पेटीत पडू दे, मग आणू." फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर मी समोरच्याचं ऐकण्याआधीच शिकवायला लागतो, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. कागदावर निदान खोडता येतं.

सोमवारी फोनवर तू दोनच गोष्टी बोललीस. एक, तीन वर्षांच्या खंडानंतर तुम्ही थँक्सगिव्हिंगला येणार. दोन, टर्की कशी शिजवणार ते पपांनी आधी कळवावं, म्हणजे यायचं की नाही ते नक्की करता येईल, कारण तेलात काही पडल्याचा चुर्र आवाज झाला की तुझा एमेट अजून खोलीतून उठून जातो. हे तू आईला सांगितलंस. मी तिच्या शेजारीच उभा होतो, पण तू मला फोन द्यायला सांगितलं नाहीस, आणि मीही हात पुढे केला नाही. प्रश्न सरळ आहे, उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण मला एका ओळीत काही सांगता येत नाही. तुला ठाऊक आहे, मला कोणी काही शिकवलेलं नाही. घरं गरम ठेवायच्या भट्ट्या मी उघडून उघडून शिकलो, आणि टर्कीसुद्धा तशीच. सत्तावीस वर्षांच्या सत्तावीस टर्क्या माझ्या वहीत आहेत. वजन, बाहेरची थंडी, किती मिनिटं, मांडीच्या सांध्यात किती अंश, सगळं. एमेटची आई लुएला ती वही पाहून म्हणाली होती, "तुमच्याकडे टर्कीला आधी शाळेत घालतात वाटतं." सगळे हसले होते. मी नव्हतो हसलो.

माझी आई खाकी कागदाच्या पिशवीत टर्की शिजवायची. किराणा सामानाची पिशवी, आतून डुकराची चरबी फासलेली, तोंड दुमडून टाचण्या लावलेलं, आणि ती अख्खी पिशवी ओव्हनमध्ये. पेटत कशी नाही, हे मला लहानपणी कळायचं नाही आणि आईलाही ठाऊक नव्हतं. आता त्या पिशव्यांचा डिंक आणि शाई चांगली नसते म्हणतात. पण छाती तशी मऊ मला पुन्हा कधी जमली नाही. तुझ्या आजोळची पद्धत वेगळी. वितळलेल्या लोण्यात बुडवलेलं मलमलचं कापड टर्कीवर पांघरायचं, ओव्हन तीनशे पंचवीसवर ठेवायचा, अर्ध्या अर्ध्या तासाने कापडावर रस सोडायचा आणि शेवटच्या पाऊण तासात कापड काढून कातडी लाल होऊ द्यायची. यात चुकायला जागा नाही. म्हणूनच मला ती आवडायची नाही. जे कोणालाही जमतं त्यात माझं काय?

तुम्ही यायचं बंद केल्यावर पहिल्या वर्षी मी जुन्या बॉयलरच्या टाकीतून धुरी द्यायचा डबा बनवला. हिकरीची लाकडं, मंद धूर, पौंडाला अर्धा तास. अंगणात सहा तास बसलो. टर्की अप्रतिम झाली. जेवायला आम्ही दोघंच होतो. तुझ्या आईने चार घास खाल्ले आणि उरलेली डब्यांत भरून शेजारी वाटली. दुसऱ्या वर्षी पाठीचा कणा कात्रीने कापून काढला, टर्की पुस्तकासारखी उघडून तळव्यांनी दाबून सपाट केली. छातीचं हाड मोडताना कट्ट आवाज येतो. तो आवाज झाला आणि आई उठून बाहेरच्या खोलीत गेली. ती कात्री मी हातात धरून उभा राहिलो. कात्री म्हटलं की आपल्या घरात कोणाची आठवण येते, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. ऐंशी मिनिटांत शिजली ती, वहीत नोंद आहे. चव कशी झाली, त्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी मी नुसती छाती आणली, दोघांपुरती, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

राहिली पाचवी पद्धत. शेंगदाण्याचं तेल, अंगणात गॅसची शेगडी, तेल साडेतीनशे अंशांवर, पौंडाला साडेतीन मिनिटं. आपल्या गल्लीत ती पहिल्यांदा मी केली, आणि तिचा मला किती गर्व होता हे तुला सांगायला नको. सगळी मेख तेल किती घालायचं यात असते. कच्ची टर्की आधी रिकाम्या पातेल्यात ठेवायची, ती बुडेपर्यंत पाणी ओतायचं, टर्की बाहेर काढायची, आणि पाणी जिथे उतरतं तिथे खूण करायची. तेवढंच तेल. पहिल्या वर्षी माझी टर्की बारा पौंडांची होती. मी खिळ्याने पातेल्याच्या आत रेघ ओढली, तळापासून साडेनऊ इंचांवर. टर्की आत सोडली की तेल काठाखाली अडीच इंच राहायचं, आणि उकळीला तेवढे लागतातच. त्यानंतर दरवर्षी मी बारा पौंडांचीच टर्की आणली आणि पाण्याने मोजायचं सोडून दिलं. रेघ होती ना.

त्या वर्षी एमेटकडची पाच माणसं पहिल्यांदाच आपल्याकडे येणार होती. टेबलावर नऊ ताटं. मी सतरा पौंडांची आणली.

तू आणि लुएला आत सारणात कांदा आणि सेजचा पाला घालायचा की सॉसेज, यावरून भांडत होतात. बाहेर आम्ही दोघंच होतो, एमेट आणि मी. सकाळी आल्या आल्या त्याने मला पहिल्यांदा 'पपा' म्हटलं होतं, तुझ्याकडून शिकून, जरा लाजत. मी तेल गरम करायचं शास्त्र त्याला समजावत होतो आणि तो डब्यातून तेल ओतत होता. मध्येच तो थांबला. मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणाला, "पपा, या वेळी पक्षी मोठा आहे ना? मग तेल तेवढंच घालायचं?" मी थर्मामीटर पुसत होतो. मान वर न करता म्हणालो, "रेघ मी ओढलीय. रेघ असताना डोकं चालवायचं कारण नाही."

त्याने बरोबर रेघेपर्यंत ओतलं, एक थेंब जास्त नाही. टर्की मी सोडली, त्याने नाही. सोडताना शेगडी बंद करायची असते, हे शेगडीबरोबर आलेल्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद मी पहिल्याच वर्षी न वाचता टाकला होता. तेल फेसाळून काठावरून खाली शेगडीवर गेलं आणि पातेल्याभोवती जाळ उठला. मी मागे सरलो. हेही लिहितो, मी मागे सरलो. एमेट पुढे गेला. गॅसची चावी जाळाच्या पलीकडे होती. त्याने उजवा हात घातला आणि ती फिरवली. गॅरेज वाचलं, कदाचित मीही वाचलो. त्याची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. नऊ वर्षं न्हाव्याचं काम केलेला माणूस डाव्या हाताने कात्री धरायला नव्याने शिकला, हे मी तुझ्या आईकडून ऐकलं.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. आग विझवणारे आले, त्यांनी विचारलं तेल कोणी घातलं, मी म्हणालो, जावयाने. ते खोटं नव्हतं, म्हणून मला ते सहज बोलता आलं. मग हॉस्पिटलच्या बोळात तू रडत होतीस आणि मी तुला म्हणालो, "ज्याला एक रेघ पाळता येत नाही त्याने शेगडीजवळ उभं राहू नये." खोलीचं दार उघडं होतं. तो पलंगावर बसला होता, हाताला पट्टी बांधत होते, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने फक्त नर्सला विचारलं की अंगठी काढावी लागेल का. निघताना मला म्हणाला, "येतो, मिस्टर स्टेन्सरूड." तेव्हापासून पुन्हा 'पपा' नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी, मी तळघरात ते पातेलं घेऊन बसलो. सतरा वजा बारा हे गणित मला त्या आगीच्या दिवशीच कळलं होतं, हॉस्पिटलच्या बोळात यायच्याही आधी गाडीतच कळलं होतं. तरी तुला ते वाक्य बोललो. मी पॉलिश पेपर घेतला आणि रेघ घासायला लागलो. तुझी आई कपड्यांची टोपली घेऊन खाली आली. विचारलं, काय घासतोस. मी म्हणालो, काजळी. ती म्हणाली, "वर्लिन, काजळी बाहेरून असते." मग तिने मशीनमध्ये कपडे टाकले आणि वर गेली. चार वर्षांत त्यावर तिने एक शब्द काढला नाही. मीही नाही. एका छपराखाली दोन माणसं एका पातेल्याला वळसा घालून जगू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

काल दुपारी मी ते पातेलं वर आणलं. रेघ गेली आहे, पण घासलेली जागा चकाकते. या वर्षीही मी सतरा पौंडांची टर्की आणली आहे, मुद्दाम. तिच्या वेष्टनासकट ती पातेल्यात ठेवली, पाणी ओतलं, काढली, पट्टी लावली. दोनदा मोजलं. मग तुझ्या आईला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं, कारण माझ्या मोजण्यावर तुम्ही का विश्वास ठेवावा? तिचंही माप तेच आलं. वहीत त्या वर्षाच्या पानावर मी ते लिहिलं आहे, तारीख घातली आहे, खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. वही टेबलावर ठेवणार आहे. ज्याला बघायची त्याने बघावी.

आता साडेदहा वाजले आहेत, आणि हे सगळं आजच का लिहिलं ते सांगतो. परवा तुझी आई म्हणाली की एमेट गुरुवारी माझी माफी मागणार आहे. जेवणाआधी आपण एकेक जण या वर्षी काय चांगलं घडलं ते सांगतो, तेव्हा स्वतःची पाळी आली की तो उठून सगळ्यांसमोर म्हणणार आहे की त्या दिवशी तेल जास्त घातलं ती चूक त्याची होती, म्हणजे सिग्नेला आजोबा मिळतील. हे तू तिला नंतरच्या फोनवर सांगितलंस आणि बजावलंस की त्यावर पपांनी तोंड उघडायचं नाही, नाहीतर तुम्ही कोट चढवून परत जाल. आपल्याकडे लहानापासून सुरुवात होते आणि मी शेवटी बोलतो, तेव्हा मी तोंड उघडेपर्यंत तो बोलून बसलेला असेल. ब्रिता, तो मनापासून तसं मानतो की तुला तुझा बाप परत मिळावा म्हणून तसं म्हणतो, हे मला माहीत नाही. त्याने मला प्रश्न विचारला होता, हे त्याला आठवत नसेल असं मला वाटत नाही. माझ्या टेबलाशी त्याने उभं राहता कामा नये. तुम्ही घरून निघण्यापूर्वी हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. त्यानंतर तुम्ही आला नाहीत तर मी कारण विचारणार नाही. यंदा पहिला मी बोलणार आहे, खुर्च्या रिकाम्या असल्या तरी, तुझ्या आईसमोर. आणि तू विचारलंस त्याचं उत्तर: ओव्हनमध्ये, तीनशे पंचवीसवर, लोण्यातल्या कापडाखाली, तुझ्या आजीची पद्धत. घरात तेल तापणार नाही. एमेटनेही मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. त्याला सांग, नाही, तेवढंच घालायचं नव्हतं. सव्वा इंच कमी.

तुझाच,
पपा