खुर्चीवरचं बॉक्सवूड

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गोळ्या वेळेवर घेतेस का, की डबी उघडून नुसत्या बघतेस? अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पेन फालतू निघालं.

माझा हात बरा आहे. प्लास्टर कधीच निघालं. वरची खोली माझ्यासाठी फिक्या निळ्या रंगाने रंगवून घेतलीस हे वाचून बरं वाटलं. तुझ्याकडे राहायला कधी येते ते कळवतेच, पण आधी एक गंमत ऐक.

सामान कमी करायचं म्हणून दुकानाच्या पायरीवरच्या कुंड्या नर्सरीवाल्याला द्यायला गेले होते. तो कुंड्या उलटसुलट करून बघत होता, तेवढ्यात मला मागच्या बाजूला, खतांच्या पोत्यांआड, एक बॉक्सवूड दिसलं. बॉक्सवूड म्हणजे ते बारीक पानांचं झुडूप गं, बागेच्या कडेने लावून चेंडूसारखं गोल कापतात ते. याचीही कोणीतरी वर्षानुवर्षं तशीच हजामत केलेली. वरून गोल गरगरीत, आणि फांदी बाजूला करून आत बघितलं तर पूर्ण टक्कल! वाळक्या काड्या, कोळ्यांची जाळी. कुंडीत गवत माजलेलं, मुळं भोकातून निघून जमिनीत घुसलेली. वाईट कापलेलं डोकं रस्त्यात दिसलं तरी माझे हात कसे शिवशिवतात ते तुला माहीत आहे. नर्सरीवाला म्हणाला, "बाई, ते फेकायचंय. फुकट न्या, पण परत आणू नका."

आणलं. ठेवलं कुठे, तर दुकानातल्या केस कापायच्या खुर्चीवर! हसू नकोस. पायाने दाबलं की वर जाते, हाताने फिरवली की गोल फिरते. झाड बघायला याहून सोयीची जागा नाही. गिऱ्हाईक नसल्यामुळे खुर्ची रिकामीच होती.

ज्यांचे केस मी ते काळे असल्यापासून कापत आले, ते दातांचे डॉक्टर आठवतात? आता निवृत्त झालेत आणि बोन्साय करतात, म्हणजे उथळ कुंडीत झाड लहान ठेवून त्याला जुन्या वृक्षाचं रूप देतात. त्यांना बोलावलं. त्यांनी खिशातून दात कोरायची ती आकडी काढली आणि खोडाजवळची माती उकरायला लागले. मला वाटलं, झालं, आता झाडाला तोंड उघडा म्हणतील. पण ताई, माती निघत गेली तसं खोड खाली रुंद होत गेलं. पार वीतभर खाली चारी बाजूंना जाड मुळं पसरलेली निघाली. वरून बोटाएवढं दिसणारं खोड तळाशी माझ्या मनगटाएवढं! डॉक्टर म्हणाले, "बाई, हे मी कुठेही बघितलेलं नाही. याचं बोन्साय तुम्हीच करायचं."

मुळं छाटून ते पसरट कुंडीत लावलंय. डॉक्टर म्हणतात, काही महिने जागचं हलवायचं नाही. तेव्हा टेम्पोवाल्याला इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
धाकटी


२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र वाचलं, दोनदा. "झाड हलवायचं नाही हे कळलं, तुला कोणी कुंडीत लावलंय?" हे वाचून मी हसले आणि मग हसू गेलं. खरं सांग म्हणतेस, तर सांगते.

पेन चांगलं आहे. मी डाव्या हाताने लिहिते आहे. पडले तेव्हापासूनची सगळी पत्रं डाव्या हाताने लिहिली. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढलं त्याच दिवशी सांगितलं होतं, "चमचा धराल, कुलूप उघडाल, पण कात्री विसरा." अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांपर्यंत पोचतच नव्हती. गिऱ्हाइकांना मी सुट्टीवर असल्याचं सांगत होते. कसली सुट्टी! आयुष्यभर लोकांच्या डोक्यात हात घालून बोलले मी, ताई. कात्री नसली तर मी कोण, हे मला कळेना. तुझी निळी खोली आठवली की मी तुझं पत्र मिटून ठेवायची. तू वाईट वाटून घेऊ नकोस. खोलीचा दोष नाही.

तर झाड. सुरुवातीला सगळं डाव्या हाताने केलं. वाळक्या काड्या काढल्या, गर्दी विरळ केली, उजेड आत गेला. पंधरवड्यात जुन्या लाकडावर हिरवे ठिपके दिसायला लागले, टाचणीच्या टोकाएवढे. मी सकाळी चहाचा कप घेऊन आधी तेच बघायला जायची. डोक्यावर नवे केस आल्यासारखा आनंद!

आणि त्याच आनंदात माती खाल्ली. डावीकडची सर्वांत खालची, सर्वांत देखणी फांदी जरा रुसल्यासारखी वाटली, म्हणून मी ती पार भादरून टाकली. एक पान ठेवलं नाही. तीस वर्षं लोकांना सांगत आले ना, बिनधास्त कापा, जोमाने येतील! दातांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, हे केस नाहीत. बॉक्सवूडच्या फांदीवर थोडी तरी पानं ठेवावी लागतात, नाहीतर ती तिथेच संपते." ती संपलीच. उन्हाळाभर पाणी घातलं, गोंजारलं, शिव्या दिल्या. सुकून काटकी झाली.

मला इतका राग आला की विचारू नकोस. हाताचा राग, फांदीचा राग, सगळा एकदम. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कापू नका. साल सोला, आतलं लाकूड उघडं करा. जुन्या झाडांवर अशी वाळकी फांदी असतेच, शोभते. आणि हे लाकूड फार कठीण, कुजत नाही पटकन. पूर्वी याचेच कंगवे करायचे." कंगव्याचं ऐकून मी चाकू उचलला आणि सोलायला लागले. साल चिवट होती. मी तिच्याशी भांडत होते, डॉक्टरांशी भांडत होते, समोर नसलेल्या हाडाच्या डॉक्टरांनाही चार शब्द सुनावले. खालून पिवळसर, गुळगुळीत लाकूड निघायला लागलं. तेवढ्यात दातांचे डॉक्टर खुर्चीजवळ वाकले. मी वर बघितलं तर ते माझ्या हाताकडे बघत होते. चाकू उजव्या हातात होता. अंगठा आणि बोट, दोन्ही पात्यामागे घट्ट टेकलेली.

दुसऱ्यांची तोंडं उघडवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मी खुर्चीच्या हाताला धरून खाली बसले आणि मोठ्याने रडले. झाडासमोर रडायला लाज वाटली नाही.

पण अजून उड्या मारू नकोस. चाकू म्हणजे कात्री नाही. संध्याकाळ झाली की बोटं आखडतात. आता फांद्यांना वळण लागावं म्हणून बारीक तार गुंडाळते, उजव्या हाताने, रोज थोडी. एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या बोन्साय मंडळाचं प्रदर्शन आहे. तोवर मला वेळ दे. तोवर हाताने कात्री धरली नाही, तर दुकानाला कुलूप लावून मी तुझ्याकडे येते, कुरकुर न करता. धरली तर... ते तेव्हा बघू.

तुझी,
धाकटी


११ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर बघितलंस? अजून थोडं वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे!

प्रदर्शन परवा झालं. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत पांढरी चादर घातलेली टेबलं, त्यावर एकेक झाड. माझं खिडकीजवळ. तळाशी ती रुंद मुळं, वर हिरव्या पानांचे तीन थर, मध्ये मोकळी हवा, पलीकडचं दिसेल अशी. आणि डावीकडे ती मेलेली फांदी, हस्तिदंतासारखी. लोक बरोबर तिथेच थांबत होते. एक बाई तर नवऱ्याला म्हणाल्या, "ही फांदी नसती तर झाडात काय होतं?" मी तोंड दुसरीकडे वळवलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

खरी मजा पुढे. नर्सरीवाला आला. माझ्या झाडाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, वाकून खोड बघितलं. मग मला विचारतो, "बाई, कुठून आणलंत हो? असा माल आमच्याकडे कधी येतच नाही."

मी म्हटलं, "तुमच्याच खतांच्या पोत्यांमागून."

तो माझ्याकडे बघतो, झाडाकडे बघतो. मग म्हणाला, "विकता?"

"परत आणू नका म्हणाला होतात ना?" असं मी म्हटलं, तर आजूबाजूचे सगळे हसले आणि तोही हसला बिचारा. बक्षीस दुसऱ्याच्या झाडाला मिळालं, तेही चांगलं होतं, पण त्या क्षणी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि काल सकाळी मी झाड खुर्चीवरून उचलून खिडकीत ठेवलं, खुर्ची पुसली आणि दुकानाचं दार सताड उघडलं. डॉक्टर आधीच पायरीवर उभे! म्हणाले, "वर्षभर कोणाला हात लावू दिला नाही." खांद्यापर्यंत आलेली ती पांढरी झुलपं बघून मला ते दिसतच होतं. मी कात्री उचलली. पहिल्या दोन कापांना हात घाबरला, मग विसरला घाबरायला. मध्ये एकदा थांबून बोटं चोळली, एवढंच. मान, कानामागे, वरचं सगळं नीट झालं. डॉक्टर आरशात कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आत उजेड गेला." दुपारपर्यंत आणखी दोघी येऊन गेल्या. कात्रीचा तो आवाज दुकानात परत आला, ताई. मी तो ऐकण्यासाठीच जास्त वेळ घेत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी राहायला येणार नाही. पाहुणी म्हणून येईन, आठ दिवस राहीन, तुझ्याशी भांडेन आणि परत येईन. दुकान माझं आहे आणि ते उघडलं आहे. हे लिहिताना मला जराही वाईट वाटत नाही, हे तुला प्रामाणिकपणे सांगते.

वाईट दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. भाऊजी गेल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात माझ्या हाताची चौकशी असते. स्वतःबद्दल तू एक ओळ लिहीत नाहीस. संध्याकाळी काय करतेस, कोणाशी बोलतेस, एकटीसाठी स्वयंपाक करतेस का काहीतरी खाऊन झोपतेस, काही नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला यावंच लागलं असतं. तू मला सांभाळायला बोलावत नव्हतीस ना?

माझा हात बरा झाला. आता तुला त्याच्याआड लपता येणार नाही. सोबत हवी असेल तर सरळ तसं लिही. दुकानामागची खोली मी तुझ्यासाठी रिकामी केली आहे आणि खाट सांगून ठेवली आहे. येत्या पत्रात हाताचं काही विचारू नकोस. तुझं लिही.

वाट बघणारी, दोन्ही हात धड असलेली,
तुझी धाकटी