सातव्या होलची खूण

३ मार्च
पोचलो एकदाचे! शेवटचे वीस किलोमीटर रस्ता असा नव्हताच, जीप वाळू नांगरत आली. मुक्कामाला पत्र्याची एक खोली, दोन खाटा, नकाशे पसरायला टेबल. बाहेर नजर जाईल तिथवर वाळूच्या टेकड्या. पाहून हरखलो. गोल्फ कोर्स आखायला अशी जमीन मिळायला नशीब लागतं. सोबत बायकोचा धाकटा भाऊ आहे, मोजणीत हुशार आणि ताडमाड उंच. घरात सगळे त्याला लंबूच म्हणतात. निघताना सासूबाईंनी बजावलं, नेताय तसा परत आणा. मी म्हटलं, उलट चार किलो वाढवून आणतो.

६ मार्च
कामाची पद्धत साधी. चेंडूला पहिला फटका मारायची जागा म्हणजे टी, तो भोकात पाडायची जागा म्हणजे ग्रीन, आणि टीपासून ग्रीनपर्यंतचा पट्टा म्हणजे एक होल. मी टीवर दुर्बीण लावून बसतो. लंबू ग्रीनच्या जागी, खूण म्हणून, ढिम्म उभा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. इंजिनिअर काय बुजगावणं व्हायला झालो, अशी त्याची कुरकुर चालू असते आणि डोझरवाले काका फिदीफिदी हसतात. सहा होल आखून झाले. इतकं सुरेख काम मी आजवर केलेलं नाही, स्वतःच सांगतो.

७ मार्च
सातवा होल. जागाच अशी देखणी की मला हाव सुटली. लंबूला समोरच्या टेकडीवर उभं केलं आणि टी मागे, आणखी मागे नेत राहिलो. ऊन कलायला लागलं तरी तो उभाच. शेवटी आणायला गेलो तर वर कुणी नाही. त्याचा वॉकीटॉकी पडलेला. पावलं वर चढलेली, उतरलेली नाहीत. मस्करी करतोय म्हणून दोन शिव्या हासडल्या. परत येऊन दुर्बिणीत बघतो तर लंबू जागच्या जागी उभा! घोट्यापर्यंत वाळूत.

८ मार्च
सकाळी गुडघ्यापर्यंत. काकांनी नि मी त्या जागी पुरुषभर खणलं. वाळूशिवाय काही नाही. काकांना दुर्बिणीतून दाखवलं. त्यांनाही तो दिसला, हात हलवताना. मदत आणतो म्हणाले आणि जीप घेऊन गेले. ते परत येतील असं वाटत नाही.

९ मार्च
एक कळलं. मी बघत असतो तोवर तो खचत नाही. दुर्बिणीवरून डोळा काढला की बोटभर आत. रात्री दिसत नाही, तेव्हा सगळी कसर भरून निघते. आज कंबरेपर्यंत. हे डोळा न काढता, चाचपडत लिहितोय, लिहिलं नाही तर झोप लागेल. हिला फोनवर सांगितलं. रडली नाही. निघते म्हणाली.
लंबू, माफ कर रे. माझ्या हावेपायी झालं.

१० मार्च
छातीपर्यंत. ही आली, एकटीच. दुर्बिणीत पाहिलं. मग म्हणाली, तू बघत राहा, मी जाते त्याला आणायला. नको म्हटलं. ऐकेना. सख्खा भाऊ आहे तिचा.

पोचली. वॉकीटॉकीवर म्हणतेय, इथं कुणी नाही. अगं, तुझ्या पायाशी आहे. हात खाली कर — डावीकडे —

त्यानं मनगट धरलं. ती म्हणते, हाताला काहीच लागत नाही —

सोड. लंबू, ताईला सोड —

तीही घोट्यापर्यंत गेली. मी बघतोय म्हणून तेवढ्यावर थांबलंय. वॉकीटॉकीवर म्हणते, कुणी नाही रे, परत येते. दुर्बिणीत जागची हललेली नाही.

ऊन उतरलं. अजून थोडा वेळ दिसेल. देवा, थोडाच —

मागे पावलं. हिचाच आवाज. आले मी, पुरे आता, काढ डोळा, म्हणते. खांद्यावर हात. उबदार. हिचाच.

समोर ही मान हलवतेय. नको, नको —

कुठली माझी — कळत नाही — डोळा काढणार नाही. नाही काढणार. मागची लाडानं हसली. हात खांद्यावरून वर येतोय, गालावर, माझ्या डोळ्या