छत्री कोणी धरली?

२ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गोगलगायींवरचा माझा शोधनिबंध नियतकालिकाकडून परत पाठवला गेला आहे. शास्त्र ठीक आहे, पण इंग्रजी जाणकाराकडून तपासून घ्यावं, असं कळवलं गेलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू परक्या शास्त्रज्ञांचं इंग्रजी सरळ करून देतेस आणि सख्खा भाचा वाऱ्यावर, असं बाबांकडून बोललं गेलं. म्हणून प्रत सोबत जोडली आहे. तुझी लाल पेन्सिल मेलवर चालत नाही, म्हणून टपालाने.

तब्येतीची काळजी घेतली जावी.

तुझा,
घुम्या

९ सप्टेंबर

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद.

दादाला सांग, तुझी बहीण रिकामी बसलेली नाही. कालच एका डॉक्टरांचा निबंध उरकला. वाक्य असं उलटंपालटं, की उंदीर निरीक्षण करतायत आणि डॉक्टर पिंजऱ्यात! उंदरांना परत आत घातलं, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

तुझं दुखणं वेगळंच. तुझ्या निबंधात माणूसच नाही! गोगलगायी गोळा केल्या गेल्या, पाठीवर रंगाचे ठिपके दिले गेले, त्या घरी परततात का ते पाहिलं गेलं. अरे, प्रयोगशाळेतला प्रयोग निराळा आणि व्याकरणातला निराळा. तू दोन्ही कर्मणी करून ठेवलेस. कर्ता कुठे पळाला? लहानपणी माझी फुलदाणी फोडलीस, तेव्हाही ती ‘फोडली गेली’ होती.

आणि पान चारवर हे काय? ‘मुसळधार पावसात छत्री धरली गेली.’ तुझ्या एका हातात गोगलगाय, दुसऱ्यात ब्रश. मग छत्री कोणी धरली? तिसरा हात फुटला असेल तर आधी त्यावर निबंध लिही.

उत्तर सविस्तर दे. दोन ओळी खरडून सुटका करून घेऊ नकोस.

तुझी,
आत्या

१३ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

छत्री शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंकडून धरली गेली. त्या शेवाळावर काम करतात. पाऊस होता तोवर रोज पहाटे संस्थेच्या बागेत गोगलगायी मोजायला यायच्या. निम्मी मोजणी त्यांची, आलेख तर सगळेच त्यांचे. महिनाअखेरीस त्या दुसऱ्या गावच्या संस्थेत रुजू व्हायला निघतील. याबद्दल इथे बरंच वाईट वाटून घेतलं जात आहे.

त्यांच्याशी बोलावं असं अनेकदा ठरवलं गेलं. टेबलापर्यंत जाणंही झालं. पण तिथे पोचल्यावर दर वेळी स्टेपलर मागितला गेला. सध्या माझ्याकडे त्यांचे तीन स्टेपलर आहेत.

हे बाबांना सांगितलं जाऊ नये.

तुझा,
घुम्या

१७ सप्टेंबर

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद.

गोगलगाय अन् पोटात पाय!

निम्मी मोजणी तिची आणि निबंधावर नाव तुझ्या एकट्याचं? तिचं नाव लेखकांत घातलं आहे. जिथे जिथे कर्ता गायब होता, तिथे इंग्रजीतला ‘वुई’ बसवला आहे. त्या भाषेची एक अडचण आहे बघ. आपल्याकडे ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. त्यांच्या ‘वुई’ला ते कळतच नाही. तुला दोघांतला कुठला हवा, ते तू ठरव आणि ती जायच्या आत तिला सांग. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत.

घुम्या हे नाव मीच ठेवलं होतं, लाडाने. आता त्या नावाची मला धास्ती वाटते. तू गप्प राहिलास आणि ती निघून गेली, तर मला फार वाईट वाटेल.

दुरुस्त प्रत सोबत आहे. लाल अक्षरात जे जे लिहिलंय ते मुकाट्याने कर.

तुझी,
आत्या

२३ सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार. घात झाला!

लाल अक्षरातलं सगळं मी मुकाट्याने टाइप केलं. पान चारच्या समासात तू इंग्रजीत लिहिलं होतंस, की छत्री धरणारीला गाडी सुटायच्या आत लग्नाचं विचार, तुझ्यासारखा बावळट मी जन्मात पाहिला नाही. मला तीही दुरुस्तीच वाटली. मी ती परिच्छेदात घातली आणि निबंध पाठवून दिला.

नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकाला प्रत गेली. दुसऱ्या लेखिका या क्षणी आपल्या टेबलावर ती वाचतायत. पान तीन उलटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. गोगलगायींच्या खोलीत आतून कडी लावून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. तुझं उत्तर येईपर्यंत मी बाहेर येत नाही.

तुझा,
बावळट

२६ सप्टेंबर

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. छत्री मी धरली होती.

पान चार वाचून मी गोगलगायींच्या खोलीचं दार वाजवलं. आत कोणी नाही, असं आतूनच सांगण्यात आलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. तुमच्या भाच्याने आधी माझे तिन्ही स्टेपलर कुठे ठेवलेत ते सांगितलं. मग भिंतीकडे पाहत म्हणाला, की लग्नाबद्दल विचारलं जात आहे. मी विचारलं, कोणाकडून? त्याचे कान लालबुंद झाले, आणि शेवटी एकदाचा ‘मी’ बाहेर पडला. आत्या, तेवढ्या एका शब्दासाठी मी पहाटे उठून चिखलात उभी राहत होते. माझं शेवाळ तर खोलीतल्या काचेच्या पेटीत वाढतं.

नव्या नोकरीवर मी जाणारच आहे. तोही मागून येईल म्हणतो, गोगलगायींना घेऊन. तेव्हा मी घाई केलेली नाही.

संपादकांचं उत्तर आलं. इंग्रजी उत्तम आहे, फक्त पान चारवरच्या सूचनेचं पुढे काय झालं ते कळवावं, असं लिहितात. तुमचा भाचा लिहायला बसला होता, की होकार दिला गेला. मी ते खोडलं आणि ‘मी हो म्हणाले’ असं केलं.

तुमचं पत्र त्याने मला दाखवलं. ‘वुई’ म्हणजे आम्ही की आपण, ते आमचं ठरलं आहे. आपण. आणि त्यात समोरचाही येतो, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आता त्यात तुम्हीही आलात.

तुमची माया समासात वाचलीच आहे, ती अशीच लाल अक्षरात मिळत राहावी.

तुमची,
छत्रीवाली